चालत आलेले

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये ‘वॉक-ऑन’ असा एक शब्द आहे. मराठीत त्याचा सरळ अर्थ ‘चालत आलेला’. ज्याला कोणी बोलावणं धाडलं नाही, ज्याच्या फीचा भार विद्यापीठाने उचलला नाही, जो आपल्या पायांनी आला आणि ‘मलाही तुमच्यात घ्या’ म्हणून उभा राहिला, तो वॉक-ऑन. २०२४ साली मुलीकडे चार महिने राहिलो तेव्हा हा शब्द पहिल्यांदा ऐकला. वारकऱ्याच्या कानाला तो परका वाटणं शक्यच नव्हतं. मुलीला म्हटलं, “अगं, हे तर आपलंच नाव झालं.” ती हसली. पण शब्द मनात राहिला, आणि पुढे त्या शब्दाचा धडधाकट माणूसच शेजारच्या घरात भेटला.

त्याच्याविषयी सांगण्याआधी खेळाविषयी थोडं सांगायला हवं, कारण फुटबॉल म्हटलं की आपल्याला पायाने खेळायचा गोल चेंडू आठवतो. हा तो नव्हे. यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ हातातच असतो. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर जाड पॅड, अकरा विरुद्ध अकरा, आणि सगळी झुंज जमिनीसाठी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. तिकडे विद्यापीठाचा संघ हा सगळ्या पंचक्रोशीचा जिव्हाळा असतो. शनिवारी घरचा सामना असेल तर लग्नाची तारीखसुद्धा लोक जरा बघून काढतात. नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराचं मेमोरियल स्टेडियम घ्या. १९६२ पासून तिथल्या प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. ऐंशी हजारांहून अधिक माणूस एका जागी बसतो. ओमाहा आणि लिंकन सोडलं तर त्या राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावाची एवढी वस्ती नाही.

या संघांत दोन तऱ्हेची मुलं असतात. एक बोलावलेली. शाळेत असतानाच त्यांचा खेळ हेरलेला असतो, प्रशिक्षक त्यांच्या घरी जाऊन आईबापांसमोर बसतात, आणि फी, राहणं, जेवण, पुस्तकं असा सगळा भार उचलणारी शिष्यवृत्ती देतात. अशा शिष्यवृत्त्या किती द्यायच्या याला पूर्वी देशभर लागू असा धरबंध नव्हता. १९७३ मध्ये एका संघाला १०५ अशी मर्यादा आली, १९७८ मध्ये ती ९५ झाली, आणि १९९० च्या दशकात ८५ वर येऊन थांबली. पण एवढ्या धक्काबुक्कीच्या खेळात ८५ मुलांवर वर्ष निघत नाही. कोणाचा गुडघा जातो, कोणाचा खांदा निखळतो, आणि रोजच्या सरावाला तर समोरासमोर दोन-दोन तुकड्या लागतात. उरलेली जागा भरतात चालत आलेले. त्यांतल्या काहींना ‘ये, जागा धरून ठेवतो’ असा आधी शब्द मिळालेला असतो. बाकीचे खुल्या चाचणीत पळून, धडका देऊन उभे राहतात. फी मात्र दोघांचीही घरची. कर्ज काढायचं, उन्हाळ्यात कुठेतरी राबायचं, आणि बोलावलेल्यांइतकाच घाम गाळायचा.

शेजारच्या बाईंचा मुलगा असा होता. त्या शाळेत शिकवायच्या. मुलगा तिथल्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, अंगाने भीमासारखा, आणि बोलायला इतका मऊ की आमची ही त्याच्यावर पहिल्याच दिवशी खूश झाली. रविवारी तो आईकडे यायचा. नात हिला आजी म्हणते म्हणून तोही ‘आजी’ म्हणू लागला आणि कुंपणापाशी उभा राहून एका बैठकीला पाच-सहा थालीपिठं संपवू लागला. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत निळे-जांभळे डाग. मी मुलीमार्फत विचारलं, “काल कुठल्या सामन्यात लागलं रे?” तो म्हणाला, “सामन्यात नाही, सर. मी अजून एकही सामना खेळलेलो नाही.”

तीन वर्षं, आणि एकही मिनिट नाही. त्यात त्याची जागा अशी, की मैदानात उतरला असता तरी चेंडू त्याच्या हाती आला नसता. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच जणांची भिंत असते, त्या भिंतीतला तो. समोरच्याला अडवायचं एवढंच काम.

मग हे डाग कसले? ते आले ‘स्काउट टीम’मधून, आणि माऊली, मला या सगळ्या खेळात सांगण्यासारखी गोष्ट वाटते ती ही.

पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांचा खेळ आपल्या मुख्य खेळाडूंना आधी अनुभवायला मिळावा, म्हणून संघातलीच काही मुलं आठवडाभर शत्रूचं सोंग घेतात. सहायक प्रशिक्षक जाड कागदावर काढलेलं एक चित्र वर धरतो. त्यात समोरच्या संघाची चाल असते: कोण कुठे उभा, कोण कुणीकडे पळणार. स्काउट टीमची मुलं ते चित्र क्षणभर बघतात आणि तशीच्या तशी चाल करून दाखवतात. समोर आपल्याच संघाचे पहिल्या फळीचे बचावपटू असतात, आणि ते काही सोंग घेत नाहीत. ते खरे धडकतात. चाल संपली की दुसरं चित्र. असं मंगळवारी, असंच बुधवारी. आठवड्यातले हे सगळ्यांत जड दिवस. शनिवारी सामना झाला की त्या शत्रूला विसरायचं आणि सोमवारी नवा शत्रू शिकायला घ्यायचा. त्याची उभं राहायची ढब, वळायची सवय, डाव्या खांद्याने धक्का देण्याची खोड, सगळं अंगात आणायचं. म्हणजे वर्षभरात हा मुलगा बारा वेगवेगळ्या माणसांसारखा खेळतो. स्वतःसारखं खेळायचा दिवस त्याच्या वाट्याला येईलच असं नाही.

मी त्याला विचारलं, “तू नीट सोंग केलंस की नाही, हे कळतं कसं?” तो थोडा विचार करून म्हणाला, “शनिवारी समोरच्याने तीच चाल केली आणि आमचा मुलगा आधीच तिथे जाऊन उभा राहिला, तर मला कळतं.” स्टेडियममधल्या बाकी कोणाला कळत नाही. टाळ्या अडवणाऱ्याला पडतात. पण बाजूला, घड्या न मोडलेल्या कपड्यांत उभ्या असलेल्या या मुलाला ठाऊक असतं की ती पावलं मंगळवारी कुणाच्या अंगावर गिरवली गेली.

मी स्वतः दिंडीत राहुट्यांचं काम करतो. ट्रकबरोबर पुढे जायचं, तळावर जागा धरायची, खुंट्या ठोकायच्या, पाऊस असेल तर चर खणायचा, आणि मंडळी चालून येतात तेव्हा दोर ताठ झालेले असले पाहिजेत. इतक्या वर्षांत रिंगण मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं असेल. म्हणून त्या मुलाचं बोलणं मला उलगडून सांगावं लागलं नाही. मुलगी भाषांतर करत होती, पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझी मान हलत होती.

या चालत आलेल्यांना आपलं वैभव मानणारा संघ म्हणजे तोच नेब्रास्काचा. टॉम ऑस्बॉर्न हे तिथे १९७३ ते १९९७ मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने २५५ सामने जिंकले आणि १९९४, १९९५, १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. राज्य शेतीचं, मका, सोयाबीन, गुरं. लोकसंख्या विरळ. मोठ्या शहरांतले नामांकित खेळाडू तिकडे येणार किती? शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आल्यावर ऑस्बॉर्न यांनी राज्यातल्या लहान लहान गावांकडे पाहिलं. जिथे शाळेच्या वर्गात वीस-पंचवीस मुलं आणि गावात एक धान्याचं कोठार, अशा ठिकाणची दणकट पोरं लाल पोशाख अंगावर चढवायला मिळावा म्हणून घरच्या पैशाने येऊ लागली. शिष्यवृत्ती मिळण्याची खात्री नाही, खेळायला मिळण्याचीही नाही.

ऑस्बॉर्न यांनी एक व्यवस्था केली. इतर ठिकाणी सरावात पहिली-दुसरी फळी खेळते आणि बाकीचे उभे राहून बघतात. नेब्रास्कात एकाच वेळी मैदानाच्या चार भागांत सराव चाले. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या मुलालाही रोज चाल करायला मिळे, तीही खरी, धडक देऊन-घेऊन. दोन-तीन वर्षं अशी गिरवणी झालेला शेतकऱ्याचा मुलगा चौथ्या वर्षी एकदम पुढे यायचा आणि लोक विचारायचे, हा इतके दिवस होता कुठे? तो तिथेच होता, रोज. चालत आलेल्याला ठेवून घेणं ही एक गोष्ट आणि त्याला रोजचा अभ्यास देणं ही दुसरी. पखवाज नुसता मांडीवर ठेवून कोणी मृदंगमणी झालेला नाही.

ऑस्बॉर्न यांच्या आधीच्या काळात नेब्रास्काकडून खेळलेले बॅरी अल्वारेझ १९९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि ही रीत त्यांनी तिकडे रुजवली. जे. जे. वॉट तिथलाच. आधी दुसऱ्या विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती होती. ती सोडून तो २००८ मध्ये विस्कॉन्सिनला चालत आला. मधल्या काळात त्याने घरोघरी पिझ्झा पोहोचवण्याचं काम केलं. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू हा मान त्याला तीनदा मिळाला. बेकर मेफिल्ड तर दोनदा चालत आलेला, आधी टेक्सस टेक विद्यापीठात, मग ओक्लाहोमात. विद्यापीठ बदलल्यामुळे नियमाप्रमाणे त्याला एक अख्खं वर्ष सामन्याबाहेर बसावं लागलं. २०१७ मध्ये कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइसमन ट्रॉफी, त्याला मिळाली.

अशा गोष्टी तिकडे खूप सांगतात, आणि सांगाव्यात. पण गोष्टीचा शेवट राज्याभिषेकाने केल्याशिवाय माणसाचं समाधान होत नाही, हीही एक गंमतच. जो वर चढला त्याच्यामुळे चढू न शकलेल्यांना किंमत आली, असं कुठेतरी वाटू लागतं. चालत आलेल्या शंभरातला एखादा मेफिल्ड होतो म्हणून बाकीचे नव्याण्णव ठेवून घ्यायचे, हा हिशेब मला पटत नाही. तो लॉटरीच्या तिकिटाचा हिशेब झाला.

म्हणून मला ब्रँडन बर्ल्सवर्थची गोष्ट अधिक जवळची वाटते. हाही पुढे मोठा झाला, नाही असं नाही. आर्कन्सॉ राज्यातल्या हॅरिसन या लहान गावातला मुलगा. लहान विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या बाजूला ठेवून तो राज्याच्या मोठ्या विद्यापीठात चालत आला. डोळ्यांवर जाड काळ्या चौकटीचा चष्मा, वेळेचा पक्का, सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणारा. १९९८ मध्ये देशातल्या निवडक खेळाडूंत त्याचं नाव आलं, आणि शेवटचा सामना खेळण्याआधी त्याने पदव्युत्तर पदवीही घेतली होती. एप्रिल १९९९ मध्ये व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. त्यानंतर अकरा दिवसांनी आईला चर्चमध्ये न्यायला म्हणून तो गाडीने घरी निघाला होता आणि वाटेत अपघातात गेला. आपल्याला पुढे काय मिळणार हे त्याला कळलं होतं, मिळालं काहीच नव्हतं. त्याच्या नावाने २०१० पासून दरवर्षी, चालत येऊन खेळाडू झालेल्या मुलाला एक पुरस्कार देतात. तिथले लोक अजून त्याचं नाव काढतात ते त्याच्या नेमामुळे. रोजचा नेम न चुकवणारा माणूस आपल्यालाही ओळखता येतो, मग त्याचं दैवत कुठलंही असो.

आणि टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा किंग गिल. त्याच्या वाट्याला तर काही सेकंदांचाही खेळ आला नाही. २ जानेवारी १९२२, डॅलसचं मैदान. समोर सेंटर कॉलेजचा त्या काळचा बलाढ्य संघ. ए अँड एमचे गडी एकामागून एक जायबंदी होऊ लागले. गिल फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला होता. त्या दिवशी तो वर बसून पत्रकारांना खेळाडू ओळखून सांगण्याचं काम करत होता. प्रशिक्षकांनी त्याला खाली बोलावलं. जखमी खेळाडूचा पोशाख अंगावर चढवून तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि सामना संपेपर्यंत उभाच राहिला. गरज लागली नाही. ए अँड एमने सामना २२–१४ असा जिंकला.

झालं एवढंच. एक मुलगा तयार होऊन उभा राहिला. पण त्या विद्यापीठाने ही गोष्ट शंभर वर्षं जपली. गिलला त्यांनी ‘बारावा गडी’ म्हटलं. तिथले विद्यार्थी आजही आपल्या संघाचा सामना बसून बघत नाहीत. सबंध वेळ उभे असतात, गरज पडली तर आम्हीही आहोत म्हणून. १९८३ मध्ये जॅकी शेरिल या प्रशिक्षकाने चालत आलेल्या मुलांची एक तुकडीच मैदानात उतरवली, आणि अजूनही १२ क्रमांकाचा पोशाख त्यांच्यातल्याच एकाला मिळतो. मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा ही पटकन म्हणाली, “उभं राहण्याचं महत्त्व आपल्याला कोणी सांगायला हवंय का?” कटेवर हात ठेवून जो उभा आहे त्याच्याकडे पाहतच आपला जन्म गेला, तेव्हा तिचं म्हणणं खरंच.

आता जेवणाचं. ही गोष्ट मला मुलाच्या आईने सांगितली आणि ऐकून मी गप्प झालो. पूर्वी नियम असा होता, की संघाच्या भोजनगृहात शिष्यवृत्तीवाल्यांचं ताट विद्यापीठाकडून. चालत आलेल्याला ते तसं फुकट मिळत नसे. सराव एकत्र, धडका एकत्र, आणि संध्याकाळी ताटापाशी आल्यावर वाटा वेगळ्या. २०१४ मध्ये हा नियम बदलला. सगळ्या खेळाडूंना, चालत आलेल्यांनासुद्धा, हवं तेवढं खायला घालायची परवानगी मिळाली. बघा माऊली, देणारे हात होते, घेणारी पोटं होती, आड आला होता तो नियम. आणि तोही ‘कोणाला जास्त मिळू नये’ अशा न्यायबुद्धीनेच केलेला. पंगतीत दोन जाती पडायला फार मोठा दुष्टपणा लागत नाही, एक काटेकोर वही पुरते.

मनात आलं तर वाट निघते, हेही तिकडेच दिसलं. २०२१ मध्ये खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने संघातल्या चालत आलेल्या सगळ्या ३६ मुलांच्या फीचा भार उचलला. मुलीने मला ती चित्रफीत दाखवली. भल्या दांडग्या पोरांनी एकमेकांना उचलून घेतलं होतं, आणि शिष्यवृत्तीवाले त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होते.

पण यापुढचं सांगायचं तर आवाज खाली येतो. या खेळात पैसा अफाट आहे. दूरदर्शनचे करार, तिकिटं, प्रशिक्षकांचे पगार. ज्यांच्या अंगावर तो उभा आहे त्या मुलांना त्यातलं काही मिळत नव्हतं, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. ग्रँट हाउस या जलतरणपटूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात शेवटी समझोता झाला, आणि ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तो मान्य केला. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर खेळाडूंत वाटायची मोकळीक. हे उचितच झालं. कष्ट करणाऱ्याला त्याचा वाटा मिळण्याबद्दल कोणाची तक्रार असू नये, माझी तर नाहीच.

त्या समझोत्यात आणखी एक कलम होतं. शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा गेली, हव्या तितक्यांना द्या म्हणाले. पण समझोता स्वीकारणाऱ्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात एकूण माणसंच १०५. मर्यादा मुळीच नसती तर श्रीमंत विद्यापीठांनी चांगले खेळाडू साठवून ठेवले असते, म्हणून ती घातली असं म्हणतात, आणि त्यात तथ्य असेल. तरी आजवर ज्या संघांत सव्वाशे-दीडशे मुलं असत, तिथे वरची वीस-तीस-चाळीस जाणार कोण, हे कोणी सांगायची गरज नव्हती. पैसे मागणाऱ्यांना पैसे मिळाले. ज्यांनी कधी पैसे मागितलेच नव्हते, फक्त जागा मागितली होती, त्यांची जागा गेली.

एवढं खरं, की न्यायाधीशबाईंच्या ते नजरेतून सुटलं नाही. एप्रिलच्या सुनावणीत काही खेळाडूंनी न्यायालयासमोर आपलं म्हणणं मांडलं, आणि आज ज्यांची जागा आहे त्यांना असं काढता येणार नाही म्हणून बाईंनी समझोता अडवून धरला. मग दुरुस्ती झाली: अशा मुलांची वेगळी यादी करायची, आणि ती मुलं १०५ च्या मोजणीत धरायची नाहीत. मात्र त्यांना परत घ्यायचं की नाही हे विद्यापीठाच्या मर्जीवर. आणि पुढे नव्याने चालत येणाऱ्यांसाठी तर तीही यादी नाही.

त्या जूनमध्ये आम्ही इकडे प्रस्थानाच्या तयारीत होतो. दिंडीची बैठक होती, भिशीची वही उघडलेली, किती माणसं, किती राहुट्या, ट्रक एक की दोन. आकड्यांशिवाय दिंडीही चालत नाही, हे मी जाणतो. दरवर्षी वहीत नाव नसलेले चार-दोन जण तळावर येऊन उभे राहतातच, आणि विणेकरी महाराज माझ्याकडे नुसतं बघतात. मी एक राहुटी जास्तीची ठेवतो. तेवढ्यात मुलीचा फोन आला. शेजारच्या मुलाचं नाव वेगळ्या यादीत आलं होतं, पण त्याच्या संघात त्याला परत घेतलं नव्हतं. प्रशिक्षक त्याच्याशी चांगलं बोलले म्हणे. चार वर्षांत त्याने एकही सराव चुकवला नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दुसऱ्या एका लहान कॉलेजात खेळायला ये, असं त्याला बोलावणं आलं. आयुष्यातलं पहिलं बोलावणं, आणि त्याने ते घेतलं नाही. पदवीचं एक वर्ष उरलं होतं, कर्ज होतं, आणि ज्या गावात वाढलो त्याच गावच्या रंगात खेळायचं होतं, म्हणाला.

आता तो सकाळी कॉलेजला जातो, संध्याकाळी एका दुकानात सामान उतरवतो. शनिवारी तिकीट काढून विद्यार्थ्यांच्या भागात बसतो आणि शेजारच्यांना पुढची चाल कोणती येणार ते आधी सांगतो. हिच्या हातच्या थालीपिठांची आठवण काढतो, असा निरोप असतो. त्याची आई मुलीला सांगत होती की बाकी सगळं ठीक आहे, फक्त मंगळवारी दुपारी तीन वाजले की त्याला घरात बसवत नाही. काही न बोलता बुटांच्या नाड्या बांधतो आणि रस्त्याने पळायला निघून जातो.